उमेदवार कोण ठरवतो?



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मतदानकेंद्रापुढची रांग, बोटावरची शाई आणि नावांची यादी. त्या यादीतले एक नाव आपण पसंत करतो आणि घरी येतो. पण त्या यादीत ती नावे घातली कोणी? अमक्या पक्षाने अमक्यालाच का उभे केले, तमक्याला का नाही? आपल्याकडे हे काम पक्षाचे पुढारी आणि त्यांच्या समित्या करतात. तिकीट वरून येते. पारावर बसून आपण त्याची चर्चा करतो खरी, पण ती तिकीट ठरल्यावर. म्हणजे वाढलेल्या ताटांपैकी कोणते घ्यावयाचे एवढेच आपल्या हाती. स्वयंपाकघरात काय शिजावे हे दुसऱ्या कोणी ठरवलेले असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र साध्या मतदाराला या स्वयंपाकघरात शिरावयाची मुभा आहे. दर चार वर्षांनी तेथे राष्ट्राध्यक्ष निवडतात. ती निवडणूक नोव्हेंबरात होते. पण त्याआधी, जानेवारीपासून जूनपर्यंत, एकेका राज्यात आधीची एक निवडणूक होत असते. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे तेथले दोन मोठे पक्ष. आपल्या पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी कोणाला उभे करावे, हे त्या त्या पक्षाचे साधे मतदार या पहिल्या निवडणुकीत सांगतात. हिच्या दोन तऱ्हा आहेत. एकीला म्हणतात प्रायमरी, दुसरीला कॉकस. प्रायमरी म्हटल्यावर गुरुजींना आपली शाळा आठवेल. अर्थ तोच, आरंभीची, पहिली पायरी. प्रायमरी म्हणजे आरंभीचे मतदान आणि कॉकस म्हणजे पक्षाच्या मतदारांची वस्तीवस्तीतली सभा.

आज आपण या कॉकसची गोष्ट विशेष करून पाहू, कारण ती आहे एका शेतकरी राज्याची. त्या राज्याचे नाव आयोवा.

आयोवा हा अमेरिकेच्या मध्यावरचा काळ्या कसदार जमिनीचा मुलूख. मका आणि सोयाबीन ही तेथली मुख्य पिके. वराहपालनाचा धंदा एवढा मोठा, की माणसांच्या कितीतरी पट डुकरेच. लोकसंख्या सुमारे ३२ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. ज्यांच्या बुटक्या गव्हाने आपल्या देशात हरितक्रांतीला हात दिला, ते शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग या आयोवाच्याच एका शेतकरी घरात १९१४ साली जन्मले. अशा या राज्याला कित्येक वर्षे एक मोठा मान होता. अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयी साऱ्या देशात पहिला शब्द उच्चारावयाचा, तो आयोवाने.

हा मान त्याला कसा मिळाला, हे कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. अमेरिकेतही पूर्वी उमेदवार पुढारीच ठरवीत. पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरे, राज्याराज्यांतून प्रतिनिधी येत, आणि दाराआड बसून वजनदार मंडळी कोणाच्या पारड्यात किती प्रतिनिधी टाकावयाचे याचा सौदा करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारकांनी याविरुद्ध आवाज उठविला. विस्कॉन्सिन राज्याचे राज्यपाल रॉबर्ट ला फॉलेट हे त्यांतले प्रमुख. त्यांच्या खटपटीने १९०३ साली त्या राज्यात प्रायमरीचा कायदा झाला, आणि हळूहळू इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. तरीसुद्धा पुष्कळ वर्षे प्रायमरीचे मोल शोभेपुरतेच राहिले. लोकांनी कौल द्यावा आणि पुढाऱ्यांनी तो मानला तर मानावा, असे.

मग आले १९६८ साल. व्हिएतनामच्या युद्धाने देश ढवळून निघाला होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमऱ्यांत लोकांनी युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांना भरभरून मते दिली. जून महिन्यात केनेडी यांची हत्या झाली. आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली कोणाला? ह्यूबर्ट हम्फ्री यांना. आणि ते तर एकाही प्रायमरीच्या मैदानात उतरले नव्हते! सभागृहाबाहेर तरुण निदर्शक आणि पोलीस यांची धुमश्चक्री चालली होती. लोक म्हणू लागले, आमच्या मताला किंमत काय?

ह्या प्रश्नाला उत्तर देणे पक्षाला भाग पडले. एक समिती नेमली गेली आणि तिने नवे नियम केले. प्रतिनिधी निवडण्याची प्रत्येक सभा उघडपणे, वेळेवर आणि आधी नोटीस देऊन भरली पाहिजे. पुढाऱ्यांनी गुपचूप नावे ठरवावयाची नाहीत. आयोवात वस्तीच्या सभेपासून राज्याच्या सभेपर्यंत पायऱ्या होत्या. नव्या नियमांप्रमाणे दोन पायऱ्यांमध्ये पुरेसे दिवस हवेत, कागदपत्रे छापून वाटावयास अवधी हवा. लग्नाच्या तिथीवरून मागे मोजत साखरपुड्याची तारीख धरावी, तसे मागे मागे मोजत गेले, तेव्हा पहिल्या सभेची तारीख आली २४ जानेवारी १९७२. इतक्या लवकर दुसऱ्या कोणत्याच राज्यात काही नव्हते. मान असा, जवळजवळ पंचांगाच्या हिशेबाने, आयोवाच्या पदरात पडला. पुढे १९७६ पासून रिपब्लिकन पक्षही त्याच रात्री आपल्या सभा भरवू लागला.

आता क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही आयोवातले शेतकरी आहात. जानेवारी-फेब्रुवारीतली रात्र. बाहेर गुडघाभर बर्फ. सायंकाळी सातला सभा आहे. अशा सोळाशेहून अधिक वस्त्यांच्या सभा त्याच वेळी राज्यभर भरल्या आहेत. कोठे शाळेच्या व्यायामशाळेत, कोठे चर्चच्या तळघरात, कोठे वाचनालयात, तर लहान वस्तीत कोणाच्या बैठकीच्या खोलीत. दारात तुमचे नाव पक्षाच्या यादीत आहे का ते पाहतात. नसेल तर तेथल्या तेथे नोंदवून घेतात. सतरा वर्षांचा मुलगाही येऊ शकतो. अट एवढीच, की नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत त्याला अठरा पुरी झाली पाहिजेत.

डेमोक्रॅटिक पक्षाची २०२० पर्यंतची रीत मोठी बघण्यासारखी होती. मतपेटी नाही, चिठ्ठी टाकून पसार होणे नाही. हा कोपरा एका उमेदवाराचा, तो कोपरा दुसऱ्याचा. तुम्ही उठावयाचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहावयाचे, साऱ्या गावादेखत. समोरच्या कोपऱ्यात तुमचा शेजारी असेल, मुलाची बाई असेल, कदाचित तुमची स्वतःची बायकोही असेल! मग डोकी मोजली जातात.

मोजणीचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा सभेला १०० माणसे आली आणि या वस्तीला ५ प्रतिनिधी निवडावयाचे आहेत. पहिल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात ४२ जण, दुसऱ्याच्या ३३, तिसऱ्याच्या १६ आणि चौथ्याच्या ९. नियम असा, की शेकडा १५ माणसे ज्याच्यामागे नाहीत तो कोपरा टिकत नाही. म्हणजे चौथ्याचे नऊ जण उघडे पडले. आता सभेला खरा रंग चढतो. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांतले लोक त्या नऊ जणांकडे जातात आणि त्यांना समजावू लागतात. "आमचा उमेदवार धान्याच्या भावाविषयी काय म्हणतो ते ऐकलेत का?" "तुमच्या आईच्या औषधपाण्याचा खर्च कोण कमी करील, विचार करा." समजा त्यांपैकी चार जण पहिल्याकडे गेले, तीन दुसऱ्याकडे आणि दोन तिसऱ्याकडे. पुन्हा मोजणी. आता झाले ४६, ३६ आणि १८. या प्रमाणात पाच प्रतिनिधी वाटले, तर पहिल्याला दोन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक.

चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेल, की पहिल्याला दुसऱ्यापेक्षा दहा माणसे जास्त असूनही दोघांच्या पदरात प्रतिनिधी सारखेच पडले. प्रतिनिधीचे तुकडे करता येत नाहीत ना! तेव्हा हा हिशेब दिसतो तितका काटेकोर नसतो. पण एक गोष्ट त्यात असते, जी मतपेटीत नसते. नऊ माणसांचे मत वाया गेले नाही, आणि ते कोणाला तरी बोलून, पटवून मिळवावे लागले.

निवडलेले हे प्रतिनिधी पुढे काउंटीच्या सभेला जातात. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा भाग. आयोवात अशा ९९ आहेत. काउंटीकडून मतदारसंघाच्या आणि राज्याच्या सभेकडे, आणि तेथून उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनाकडे. तेथे साऱ्या राज्यांचे प्रतिनिधी एकत्र येतात आणि ज्याला निम्म्याहून अधिक प्रतिनिधींचा पाठिंबा, तो पक्षाचा उमेदवार. रिपब्लिकन पक्षाची रीत आयोवात याहून सोपी आहे. सभा भरते, प्रत्येक उमेदवारातर्फे कोणी चार शब्द बोलतो, आणि मग लोक कागदावर नाव लिहून गुप्त मत देतात. कोपरे नाहीत आणि दुसरी मोजणीही नाही.

आता प्रायमरीकडे वळू. ती आपल्या ओळखीची आहे. कारण ती नेहमीच्या मतदानासारखीच असते. कॉकस पक्ष भरवितो, प्रायमरी सरकार घेते. सकाळपासून रात्रीपर्यंत केंद्र उघडे. कामावर जाताना मत द्या नाहीतर येताना द्या. काही राज्यांत त्या पक्षाच्या यादीत नाव असलेल्यालाच मत देता येते, तर काही राज्यांत कोणत्याही मतदाराला दोहोंपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. प्रायमऱ्यांत पहिला मान न्यू हॅम्पशायर या ईशान्येकडील चिमुकल्या राज्याचा. तो त्याने कायदा करून राखून ठेवला आहे. त्या राज्यातल्या डिक्सव्हिल नॉच या वाडीत तर मध्यरात्री बाराच्या ठोक्यालाच मतदान होते. २०२४ साली तेथे मतदार होते सगळे मिळून सहा!

प्रायमरी काय करू शकते, याचा दाखला १९६० सालचा आहे. जॉन केनेडी कॅथलिक पंथाचे. त्या देशात तोवर कोणी कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता. पुढारी म्हणत, लोक यांना मत देणार नाहीत. केनेडी गेले वेस्ट व्हर्जिनियात. कोळशाच्या खाणींचे हे गरीब राज्य, वस्ती बहुतेक प्रोटेस्टंट. तेथे त्यांनी प्रायमरी लढविली आणि मोठ्या फरकाने जिंकली. पुढाऱ्यांची तोंडे बंद झाली. खाणकामगारांनी जे सांगितले, ते बंद खोलीतल्या हिशेबात कोणाला दिसले नव्हते.

आणि ही प्रायमरी केवळ अध्यक्षपदापुरती नाही बरे का. राज्यपाल, खासदार, सर्वांना तिच्यातून जावे लागते. बेळगावात वाढलेले आपले मराठी भाषक श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. तेव्हा तो विषय तेथेच संपला. पण २०२२ साली डेट्रॉइट भागातल्या मतदारसंघात त्यांनी पक्षाची प्रायमरी जिंकली आणि नोव्हेंबरात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. उमेदवारीसाठी त्यांना लोकांपुढेच जावे लागले. हरले तेही तेथेच आणि जिंकले तेही तेथेच.

आता पुन्हा आयोवाकडे. या राज्याचे वजन खरे किती? २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदानाने बांधलेले प्रतिनिधी देशभरात जवळजवळ चार हजार होते. त्यांत आयोवाचे ४१, म्हणजे शेकडा एक! मग एवढा बोलबाला का? कारण बाजारात पहिला सौदा ज्या भावाने होतो, त्याकडे सगळ्यांचे कान असतात. १९७६ साली जॉर्जियाचे माजी राज्यपाल, भुईमुगाचे शेतकरी जिमी कार्टर यांना देशात फारसे कोणी ओळखत नव्हते. ते आयोवात गावोगाव हिंडले, लोकांच्या घरी मुक्कामाला राहिले. निकालात पहिला क्रमांक लागला तो 'अजून ठरवले नाही' म्हणणाऱ्यांचा. पण उमेदवारांत कार्टर सर्वांच्या पुढे होते. वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव उचलले आणि वर्षअखेर ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. २००८ साली बराक ओबामांनी ३ जानेवारीला आयोवा जिंकले. गोऱ्यांची वस्ती शेकडा नव्वदच्या आसपास असलेल्या राज्याने एका कृष्णवर्णीयाला कौल दिला, तेव्हा साऱ्या देशाने त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिले.

पण पहिला भाव शेवटपर्यंत टिकतोच असे नाही. रिपब्लिकन पक्षात २००८, २०१२ आणि २०१६ या तिन्ही वेळा आयोवा एकाने जिंकले आणि उमेदवारी दुसऱ्यालाच मिळाली. २०२० साली जो बायडेन आयोवात चौथे आले होते; तरी पुढे दक्षिण कॅरोलायनाच्या प्रायमरीने त्यांना सावरले आणि त्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडूनही आले.

आणि आता या रीतीतले उणे. सायंकाळी सातला सभा, दोन तास बसावयाचे. मग रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका कशी येणार? तान्ह्या मुलाची आई? बर्फात पाय घसरेल म्हणून घराबाहेर न पडणारे आजोबा? ज्याला सर्वांदेखत मत सांगण्याचा संकोच वाटतो, कारण धनी समोरच्या कोपऱ्यात उभा आहे, त्याने काय करावे? १५ जानेवारी २०२४ ला कडाक्याच्या थंडीत आयोवातल्या रिपब्लिकन सभांना सुमारे १ लाख १० हजार लोक आले. आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच पक्षाची प्रायमरी झाली. त्या राज्याची लोकसंख्या आयोवाच्या निम्म्याहून कमी, सुमारे १४ लाख. पण मते पडली तीन लाखांहून अधिक. मत देणे सोपे केले की माणसे येतात, हे यावरून उघड दिसते.

शिवाय मोजणीचाही घोळ. २०१२ साली रिपब्लिकन पक्षाने आयोवात मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे सांगितले. पुढे मते पुन्हा पडताळली, तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाने सभांचे आकडे मोबाइलवरच्या नव्या यंत्रणेने मागविले. ती ऐनवेळी बिघडली आणि निकाल कित्येक दिवस लांबला. आधीच तक्रार होती, की एकाच राज्याने दरवेळी पहिले का बोलावे? पक्षातल्या कृष्णवर्णीयांनी आणि शहरवासीयांनी मागाहून का? अखेर २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान दक्षिण कॅरोलायनाला दिला, आणि आयोवातल्या पक्षाच्या मतदारांनी आपली पसंती टपालाने कळविली. ती कोपऱ्यात उभे राहण्याची रात्र त्या वर्षी झाली नाही.

त्याच २०२४ सालाने आणखी एक धडा दिला. बायडेन यांनी प्रायमऱ्या जिंकून पुरेसे प्रतिनिधी मिळविले होते. पण २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. पुन्हा देशभर मतदान घेण्यास वेळ नव्हता. तेव्हा निवडून आलेल्या त्या प्रतिनिधींनीच ऑगस्टच्या आरंभी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. प्रतिनिधी म्हणजे नुसता आकडा नव्हे. वेळ आली तर निर्णय त्याच्या हाती जातो. म्हणून कोणाला पाठवितो, हेही पाहून पाठवावे लागते.

तर मंडळी, सभा चांगली की मतपेटी? सभेत माणूस माणसाशी बोलतो, ऐकतो, मत बदलतो. पण ज्यांना येता येत नाही ते बाहेर राहतात. मतपेटीजवळ सगळ्यांना येता येते. पण तेथे कोणी कोणाशी बोलत नाही. अमेरिकेतली बहुतेक राज्ये आज प्रायमरीकडे वळली आहेत, आणि ज्याला रात्रपाळी आहे त्याचा विचार केला तर ते योग्यच वाटते. परंतु शेजाऱ्याला "तुझे मत मला दे, का ते सांगतो" असे म्हणावयाची सवय त्यांनी हरवू नये, आणि आपणही हरवू नये.

शेवटी गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात एकदा हा कॉकस करून पाहा. विषय साधा घ्या. सहल कोठे न्यावी? किल्ल्यावर, धरणावर, की समुद्रावर? मुलांना कोपऱ्यांत उभे करा, मोजा, शेकडा १५ चा नियम लावा, आणि उघड्या पडलेल्या मुलांना इतरांनी पटवू द्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न चिठ्ठ्या टाकून विचारा. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. फरक पडला तर का पडला, हे मुलांनाच विचारा. आणि काल जो मुलगा घरी आजारी होता, त्याला आधी विचारा.